भाकरीच्या आधीची ओळ

कारण विचारू नका, कारण नाही.
कुणी मेलं नाही, कुणी फसवलं नाही.
मंगळवार होता, मी वाल सोलत बसले होते,
आणि रोजच्यासारखं मनातल्या मनात
त्याला काहीतरी सांगायला गेले,
बहुतेक डाव्या गुडघ्याचं,
तर पलीकडे कुणी नव्हतं.
शेजारचं बिऱ्हाड रातोरात उठून जावं
आणि कान लावावा तर नुसता थंड चुना.

त्याला नऊ वर्षं झाली.

भायखळ्याच्या चर्चमध्ये माझी जागा ठरलेली:
उजवीकडून तिसरा बाक, खांबाआड.
रविवारच्या शाळेत मी एलिशिबाबाई.
मोठा मासा शिकवते, पोटातला संदेष्टा शिकवते,
चित्रं रंगवून घेते.
ओहोळांच्या निनादने एकदा पोट आतून काळं केलं,
सबंध पान, तेलखडू संपेपर्यंत.
अरे, माणूस कुठाय?
म्हणाला, आहे ना, आत.
मी दहापैकी दहा दिले
आणि पान पर्समध्ये ठेवलं.

प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणते,
पित्यापासून आमेनपर्यंत.
फक्त भाकरीच्या आधीची ओळ
मी म्हणत नाही.
भाकर मागायला लाज कसली, भूक खरी आहे.
ऋणांचंही जमतं; पतपेढीत तीस वर्षं काढली,
सोडलेलं ऋण म्हणजे काय ते मला कळतं.
पण सगळं तुझ्या मनासारखं?
ज्याचा पत्ता नाही
त्याला सही करून कोरा चेक कोण देतं?
तेवढ्यापुरते ओठ मिटते.
पाळकसाहेब, भला माणूस, म्हणतात
बाई, तुमचा आवाज शेवटपर्यंत खणखणीत.

परवा दवाखान्यातून येताना
आमच्या इमारतीची जाळीची लिफ्ट
तिसऱ्या-चौथ्याच्या मध्ये अडकली.
वीज गेली. समोर भिंत,
तीही दिसत नव्हती.
मी बटणं दाबली, सगळी.
जाळी हलवली. जाळीतून पेन खुपसलं, का ते देव जाणे.
वरून, खूप वरून, बाबलीचा आवाज:
"बाई, काय्येक करू नकात.
हात भायर काढू नकात.
मी हयच आसंय."
म्हटलं, दिवा दाखव.
"दिवो नाय."
वर तरी ओढ.
"वर येवची नाय. खाली सोडतंय, हातान."

गच्चीवरच्या खोलीत एक चाक आहे म्हणे.
अठ्ठावीस वर्षं राहते, पाहिलेलं नाही.
तो ते फिरवत होता.
बोटभर. थांब. बोटभर.
ग्रीसचा वास, दोराची कुरकुर,
आणि त्याची धाप; ती ऐकू येत नव्हती,
मीच मनाने धरली.
मला जायचं होतं पाचव्यावर
आणि मी खाली चालले होते.

हात कुठे ठेवायचे कळेना.
पर्स खाली ठेवली. छत्री ठेवली.
बाबलीच्या स्टुलावर बसले,
तळवे मांडीवर उताणे,
पंगतीत वाढायची वाट बघणाऱ्या पोरासारखे.
प्रार्थना केली असं म्हणणार नाही.
बटणं चाचपायची सोडली, एवढंच.

तिसऱ्यावर जाळी उघडली
तेव्हाही उजेड नव्हता,
मिस्त्रींच्या दारात एक मेणबत्ती, तीही विझायला आलेली.
दोन जिने चढले, गुडघ्याला शिव्या देत.
वाटेत बाबली, घामाने निथळत,
तळहातावर फोड.
"भियालात?"
म्हटलं, हो.

रविवारी भाकरीच्या आधी तोंड उघडलं.
आवाज आला घोगरा,
बंद घरातल्या नळासारखा, आधी गंज.
पुढच्या बाकावरच्या दोघी वळून बघायला लागल्या.

पलीकडे अजून कुणी नाही.
चुना तसाच थंड.
मी पाठ टेकते त्याला.
निनादचं पान वर्गाच्या भिंतीवर डकवलंय.
नवी मुलं विचारतात, बाई, यात माणूस कुठाय?
मी म्हणते, हात लावू नका रे,
तेलखडू आहे, बोटांना लागतो.